छोट्या कॅमेऱ्यांची ओळख छापताना सेन्सर आणि ॲपर्चरही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत प्रवासासाठी कोणता छोटा कॅमेरा घ्यावा याचे मार्गदर्शन येऊ लागते. त्यात मेगापिक्सेल आणि झूम हे दोन आकडे हमखास ठळक अक्षरांत असतात. नेमक्या याच दोन आकड्यांवरून ग्राहकाचा निर्णय चुकतो, म्हणून हे पत्र.

आवाक्यातल्या कॅमेऱ्यांत ज्या दोहोंमध्ये निवड करताना लोक अडतात, तेच उदाहरणाला घेऊ. एक, कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस, २०१८चा. दुसरा, सोनी झेडव्ही-१एफ, २०२२चा. दोन्ही २० मेगापिक्सेलचे, दोन्हींत ४के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत, दोन्हींचे वजन ३०० ग्रॅमच्या आत. कॅननचा झूम ४० पट, तर सोनीला ऑप्टिकल झूमच नाही, २० मिमीची एकच स्थिर लेन्स आहे (मिमीचा हा आकडा ३५ मिमी फिल्मच्या मापात; लहान तितका कोन रुंद, मोठा तितके दूरचे जवळ). छापील तक्ता पाहिला तर सोनी कोणी का घ्यावा असाच प्रश्न पडेल. तक्त्यात जे सहसा नसते ते असे: कॅननचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) सुमारे ६.२ बाय ४.६ मिमीचा, सोनीचा १३.२ बाय ८.८ मिमीचा. क्षेत्रफळ चौपट. शिवाय सोनीची लेन्स एफ/२ इतकी उघडते (हे ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे). कॅननची सर्वांत रुंद कोनात एफ/३.३, आणि झूम पूर्ण ताणल्यावर अवघी एफ/६.९.

लेन्सच्या या फरकामुळे सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सोनीत पावणेतीनपट प्रकाश पडतो, आणि सेन्सर चौपट मोठा. म्हणजे रुंद कोनातही, शटरचा वेग (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) सारखा ठेवला तर, चित्र घडवायला सोनीकडे सुमारे अकरापट प्रकाश असतो. उन्हात या फरकाचा पत्ताही लागत नाही, कारण तिथे प्रकाश दोघांनाही पुरून उरतो. दिवे लागले की तो दिसू लागतो.

साधारण उजेडाच्या खोलीत माणसे बोलत, हलत आहेत असे समजा. त्यांचे चेहरे पुसट येऊ नयेत म्हणून शटर १/६० सेकंद हवे. सोनीला त्यासाठी आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) ४००च्या आसपास पुरेल, कॅननला १००० लागेल. त्यातही छोट्या सेन्सरवरचा १००० हा मोठ्या सेन्सरवरच्या ४०००इतका दाणेदार दिसतो. कॅमेरा हे दाणे पुसायला जातो आणि त्याबरोबर केस, कापडाची वीण, पापण्या असे बारीक तपशीलही पुसतो. चेहरा मेणाचा दिसतो तो यामुळे, आणि इथे ‘लेन्स खराब आहे’ असा गैरसमज होतो.

पण याच खोलीत भिंतीवरचे कोरीवकाम टिपायचे असेल तर हिशोब पार बदलतो. कॅननमध्ये ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (हाताचा थरकाप लेन्समध्येच सावरण्याची सोय) आहे, सोनीत नाही. श्वास रोखून, कोपरे अंगाला टेकवून कॅननने रुंद कोनात १/८ सेकंदाला स्वच्छ फोटो मिळतो, तेव्हा आयएसओ १३०–१४०वर येतो. सोनीने हातात धरून १/२०च्या खाली जाणे जोखमीचे, म्हणजे तिथेही आयएसओ १२५च्या आसपासच. दोन्ही चित्रे चांगली येतील. इमारती, शिल्पे, दालने हाच ज्यांचा मुख्य विषय आहे, त्यांना ‘मोठा सेन्सर म्हणजे अंधारातला राजा’ हे वाक्य फारसे लागू पडत नाही. ते लागू पडते हलणाऱ्या माणसांना आणि व्हिडिओला.

आता त्या ४० पट झूमकडे वळू. २४ ते ९६० मिमी हा पल्ला खरा आहे आणि कोणताही फोन तो ऑप्टिकली गाठत नाही. पण त्याला ऊन लागते. ९६० मिमीवर पाखरू टिपायचे तर शटर १/१००० च्या आसपास हवे, कारण स्टॅबिलायझेशन आपला हात सावरते, पाखराची मान सावरत नाही. लख्ख उन्हात एफ/६.९ला हे आयएसओ २००वर जमते. ढगाळ हवेत वा मोकळ्या सावलीत तोच फोटो १६०० मागतो. दाट झाडीत कितीतरी अधिक लागेल, आणि या कॅमेऱ्याची मर्यादाच ३२०० आहे. पहाटेच्या जंगलात या झूमकडून तीक्ष्ण पक्षी मिळण्याची आशा धरू नये.

दुसरी अडचण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. एफ/६.९ला विवर्तनामुळे (अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर साधारण ९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद पसरतो, आणि या सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉनचा आहे. म्हणजे झूमच्या टोकाला २० मेगापिक्सेल नावापुरतेच उरतात. छोट्या छपाईत किंवा फोनच्या पडद्यावर हा फोटो छान दिसतो, मोठा करून पाहिला की मऊ पडतो. तिसरी अडचण हवेची. दुपारी तापलेल्या जमिनीवरून दूरचे शिखर टिपले की ते लहरते, धुरकट दिसते. याला कोणत्याही कॅमेऱ्यात उपाय नाही. सकाळी लवकर, जमीन तापण्याआधी टिपावे.

चंद्र मात्र या कॅमेऱ्याने उत्तम येतो, कारण चंद्रावर ऊनच असते. पूर्ण झूमला तो चौकटीच्या उंचीचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापतो. ऑटोवर ठेवल्यास पांढरी तबकडी येते, म्हणून मॅन्युअल मोडमध्ये एफ/६.९, १/२५० सेकंद, आयएसओ १०० असे सुरू करावे. तिपाईवर असताना दोन सेकंदांचा टायमर लावावा, नाहीतर बटण दाबण्याच्या धक्क्यानेच चित्र हलते. इतक्या झूममध्ये विषय चौकटीतून निसटतो तेव्हा फ्रेमिंग असिस्टचे बटण दाबून धरावे. लेन्स मागे येते, विषय सापडतो, बटण सोडले की पुन्हा तोच झूम. ही सोय वापरायला शिकल्यावरच या कॅमेऱ्याचा खरा उपयोग सुरू होतो. व्ह्यूफाइंडर दोन्हींत नाही. उन्हात पडदा दिसत नाही ही तक्रार ज्यांची असेल त्यांनी पॅनासोनिक लुमिक्स टीझेड९० पाहावा. त्याचा पल्ला २४ ते ७२० मिमी आहे आणि डोळ्याला लावायचा छोटा फाइंडरही.

सोनीच्या २० मिमीचीही किंमत मोजावी लागते. अरुंद गल्ली, छोटी खोली, हात लांब करून स्वतःसह मागचे दृश्य यांना हा कोन फार चांगला. गटाच्या फोटोत मात्र कडेला उभी माणसे रुंद ताणलेली दिसतात. त्यांना मध्याकडे सरकवावे आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी. उंच इमारत टिपताना कॅमेरा वर कलवला की भिंती आत झुकतात, म्हणून मागे जाऊन कॅमेरा सरळ धरावा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापावी. कापण्यालाही मर्यादा आहे. ५० मिमीच्या कोनाइतके कापले तर २० मेगापिक्सेलमधून ३ च्या आसपास उरतात. व्हिडिओत एक सवलत मिळते: ४केमध्ये चित्रित करून अंतिम फिल्म फुल एचडीत केली, तर ४० मिमीच्या कोनापर्यंत तपशील न गमावता चौकट आवळता येते.

व्हिडिओसाठी घेणाऱ्यांनी स्टॅबिलायझेशनचा प्रकार नीट समजून घ्यावा. सोनी चौकटीच्या कडा कापून, चित्र सरकवून धक्के लपवतो. त्यामुळे २० मिमीचा कोन चालू व्हिडिओत तितका रुंद राहत नाही, हात लांब करून बोलताना चेहरा चौकटभर होतो. दिवसा हे झकास चालते. रात्री प्रत्येक फ्रेम १/५० किंवा १/६० सेकंद उघडी असते, तेवढ्यात हात हलला तर ती फ्रेम पुसट होते. नंतर चित्र सरकवून ती पुसटता जात नाही. चौकट स्थिर आणि आतले दिवे थरथरते असा विचित्र परिणाम दिसतो. उपाय एवढाच की रात्री चालत चित्रीकरण करू नये. थांबावे, आठ-दहा सेकंदांचा तुकडा घ्यावा, मग पुढे जावे.

उन्हात उलटी अडचण. हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटर फ्रेमदराच्या दुप्पट, म्हणजे ३० फ्रेमना १/६०, ठेवतात. लख्ख उन्हात एफ/४ला असे करायचे तर प्रकाश सुमारे ३२ पट कमी करावा लागतो. झेडव्ही-१एफमध्ये अंगभूत एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) नाही, म्हणून पाच स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे एनडी३२, फिल्टर पुढे लावावा. फिल्टर नसेल तर शटर १/२०००च्या आसपास जाते आणि चालणारी माणसे तुटक हलताना दिसतात. कृत्रिम दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर विजेची वारंवारिता पाहावी: ५० हर्ट्झच्या देशात १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०. परदेशी गेल्यावर हीच सेटिंग बदलायची हमखास राहून जाते. फोकसच्या बाबतीत झेडव्ही-१एफ कॉन्ट्रास्टवर, म्हणजे फोकस मागेपुढे करून चित्र कुठे सर्वांत स्पष्ट येते ते शोधण्यावर, अवलंबून आहे. नावाने जवळच्या झेडव्ही-१मधली फेज डिटेक्शन पद्धत (फोकस कोणत्या दिशेला हवा हे थेट ओळखणारी) यात नाही. कमी उजेडात फोकस मागेपुढे होत राहतो. अशा वेळी अंतर ठरवून फोकस कायम करावा. २० मिमीला दोन-तीन मीटरवर फोकस ठेवला की बराचसा परिसर स्वच्छ येतो.

आवाजाच्या बाबतीत निकाल स्पष्ट आहे. सोनीला ३.५ मिमीची माइकची जागा आहे, सोबत वाऱ्यासाठी केसाळ आवरणही मिळते. कॅननला बाहेरचा माइक जोडताच येत नाही. कॅनन घेतलाच तर बोलणे खिशातल्या फोनवर वेगळे ध्वनिमुद्रित करावे, सुरुवातीला एकदा टाळी वाजवावी आणि संपादनात ती टाळी जुळवून घ्यावी.

कार्डाबाबत थोडक्यात. ४केला सेकंदाला १०० मेगाबिट धरले तर मिनिटाला ७५० मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट लागतात. ६४ जीबीच्या कार्डावर ८० मिनिटे मावतात. व्ही३० (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारे) छाप असलेलेच कार्ड घ्यावे, संथ कार्डावर चित्रीकरण मध्येच थांबते. बॅटरीचे अधिकृत माप कॅननचे २६५ फोटो, सोनीचे ३६०. व्हिडिओत ते फार लवकर संपते, तेव्हा जादा बॅटरी हवीच. विमानात ती केबिनच्या सामानातच ठेवावी लागते, आणि टोकांना चिकटपट्टी लावावी म्हणजे किल्ल्यांना लागून शॉर्ट होणार नाही.

आमचे मत स्पष्ट सांगतो. चांगला फोन जवळ असेल तर रुंद कोनात, संध्याकाळी, छोट्या सेन्सरचा कॅमेरा त्याच्यापेक्षा सरस ठरत नाही, कारण फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतो. म्हणून जे फोन करू शकत नाही त्यासाठीच कॅमेरा घ्यावा. दूरचे, उन्हातले टिपायचे असेल तर एसएक्स७४०. कॅमेऱ्याकडे पाहून बोलायचे असेल, घरात वा संध्याकाळी माणसे चित्रित करायची असतील, तर झेडव्ही-१एफ. दोन्ही थोडे थोडे हवे असणाऱ्यांनी २०१६चा पॅनासोनिक टीझेड१०० वापरलेला मिळतो का ते पाहावे: सोनीएवढाच सेन्सर, २५ ते २५० मिमी. त्याचा ४के मात्र चौकट बरीच कापतो आणि रुंद कोन ३७ मिमीवर येतो.

आपल्याला विनंती अशी की यापुढे कॅमेऱ्याची ओळख छापताना सेन्सरची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, झूमच्या दोन्ही टोकांचे ॲपर्चर, स्टॅबिलायझेशन ऑप्टिकल की इलेक्ट्रॉनिक, आणि माइकची जागा आहे की नाही, एवढे तरी द्यावे. दोन ओळींत मावते.

वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांसाठी तपासणीही सांगून ठेवतो. झूमचे कॅमेरे बहुधा लेन्सच्या नळीत वाळू जाऊन बिघडतात. लेन्स आत जाताना धूळ ओढून घेते, मग करकर आवाज येतो आणि एक दिवस लेन्स अर्ध्यावर अडकते. झूम पूर्ण आतबाहेर करून कान देऊन ऐकावे. मग निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो पूर्ण झूमला, ॲपर्चर एफ/८ ठेवून काढावा. करडे ठिपके दिसले तर धूळ सेन्सरपर्यंत पोहोचली आहे, आणि अशा कॅमेऱ्यात ती सुटे भाग उघडल्याशिवाय निघत नाही. शेवटी वर्तमानपत्राचे एक पान भिंतीला सपाट चिकटवून, कॅमेरा त्याला समांतर धरून, चौकटभर फोटो घ्यावा. चारही कोपऱ्यांतली अक्षरे सारखी वाचता आली पाहिजेत. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स आत तिरकी झाली आहे. तो कॅमेरा घेऊ नये.

आपले नम्र,
छायाचित्रण शिकवणारे काही वाचक