आई-बाबा, शर्यतीच्या त्या दोन दिवसांबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

शनिवार-रविवारी फोन लागला नाही म्हणून तुम्ही काळजीत होतात, ते दादाकडून कळलं. मैदानावर गाड्यांच्या आवाजात फोन ऐकूच येत नाही. आणि फोनवर आई "तुला काही होणार नाही ना" एवढंच विचारते, मग बाकीचं राहून जातं. म्हणून सगळं लिहूनच कळवते.

आम्ही शर्यतीला जातो ते मैदान म्हणजे इंग्लंडमधलं सांता पॉड. दुसऱ्या महायुद्धात इथे अमेरिकेच्या बी-17 बॉम्बर विमानांचा तळ होता. 1966 पासून त्याच धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे 402 मीटर, नाकासमोर पळतात. वळण नाही.

बाबा, बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून तुम्ही एकही जत्रा चुकवत नाही. घाटात बारी किती सेकंदांची झाली, यावरच सगळं ठरतं ना? आमच्या हौशी वर्गातही घड्याळच राजा. फरक इतकाच, की इथे आपली गाडी किती वेळात जाईल ते आधी स्वतःच सांगायचं आणि काचेवर लिहायचं. त्याला डायल-इन म्हणतात. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ हळू गाडीला आधी सोडतात. सांगितलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात गेलात तर बाद! त्यामुळे पैसेवाल्याच्या दणकट गाडीपुढे आमची जुनी फोर्ड कॅप्रीही मान ताठ ठेवून उभी राहते.

तो आकडा काढण्यात माझा हात असतो. सकाळी हवा थंड आणि दाट असते, इंजिनाला श्वास भरपूर मिळतो. दुपारी ऊन चढलं की हवा विरळ होते आणि गाडी मंदावते. रविवारी सकाळी ती 11.32 सेकंदांत गेली होती. दुपारी तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब बघून मी 11.40 लिहायला सांगितलं. मागच्या टायरांची हवाही माझ्याकडेच. रस्त्यावरच्या गाडीत तीस पौंडांच्या आसपास असते, आमच्या गुळगुळीत स्लिक टायरांत बारा-तेरा. अर्धा पौंड इकडेतिकडे झाला तरी सुटताना पकड बदलते. गुडघ्यांवर बसून, गेज डोळ्यांसमोर धरून, हवा थेंबाथेंबाने सोडावी तशी सोडायची. सगळ्या कामांत मला हेच सर्वांत आवडतं.

शनिवारी संध्याकाळी पाऊस आला. स्लिक टायरांना नक्षी नसते, त्यामुळे ओल्या पट्टीवर कुणालाच सोडत नाहीत. सगळे तंबूत. मी शेगडीवर पोहे केले, लिंबू पिळून. आमचा चालक प्लंबर आहे, निवृत्तीला आलेला. त्याने दोनदा मागून घेतले. त्याआधी दुपारी आमच्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा तुटला होता, तेव्हा शेजारच्या तंबूतल्यांनी आपला जादाचा पट्टा काढून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशीच गाठ पडू शकते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला ही माणसं फार आवडतात.

रविवारी पहिली फेरी जिंकलो. दुसरीत समोर 10.62 लिहिलेली गाडी होती. आम्हाला पाऊण सेकंदाहून थोडं आधी सोडलं. तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. आमची गाडी 11.43 मध्ये गेली, माझ्या आकड्यापेक्षा फक्त तीन शतांश जास्त! समोरची 10.66 मध्ये, म्हणजे अंदाजात आम्ही सरस. पण हिरवा दिवा लागताच गाडी सोडण्यात त्यांची चालक बाई आमच्या चालकापेक्षा चपळ निघाली आणि शेवटच्या रेषेवर जेमतेम दोन मीटरने हरलो. टाइमस्लिप, म्हणजे वेळा छापलेली चिठ्ठी, हातात घेऊन आम्ही चौघं कितीतरी वेळ तिथेच उभे होतो. मग आमचा चालक तिला हात मिळवून आला.

आता आईचा प्रश्न. यात माणसं मरतात का? मरतात, खोटं नाही सांगणार. 2008 मध्ये अमेरिकेत स्कॉट कलिटा नावाचा नामांकित चालक गेला. त्यानंतर तिथल्या सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत पाव मैलावरून हजार फुटांवर आणली. आमची गाडी त्या जातीची नाही. तरीही पट्टीवर जाण्याआधी तपासणी होते: लोखंडी पिंजरा, पट्टे, हेल्मेट, आगीला टिकणारा सूट, बॅटरी बाहेरून बंद करायचा खटका. एक गोष्ट कमी असली तरी गाडी परत पाठवतात. आणि मी गाडीत नसते, सुटण्याच्या रेषेमागे उभी असते, कानाला संरक्षक लावून. रस्त्यावरून ऑफिसला जाताना जेवढी भीती वाटते, त्याहून कमी मला इथे वाटते, कारण इथे प्रत्येक स्क्रू कुणीतरी दोनदा बघितलेला असतो.

तुम्ही दोघं पुढच्या उन्हाळ्यात याच. आई, तुला गवतावर खुर्ची टाकून देते, हवं तर विणकाम आण. उन्हाळा म्हटलं तरी संध्याकाळी स्वेटर लागतो. बाबा, तुम्हाला टायरचं गेज देणार आहे हातात, मनात शंका नको. पासपोर्टची मुदत बघून दादाला सांगा, व्हिसाचे कागद मी इथून पाठवते. आईच्या गुडघ्यांचं डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा, तुम्ही दोघं फोनवर ते टाळता.

तुमची,
लेक