राज्य फुलपाखराची अळी आणि माझा फवारणी पंप
(कृषिमंत्र्यांना खुले पत्र)

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या राज्याला एक अधिकृत फुलपाखरू आहे. २०१५ साली ब्लू मॉरमॉनला, म्हणजे नीलवंताला, महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे देशातले आपले पहिलेच राज्य. या नीलवंताची अळी लिंबूवर्गातल्या झाडांची पाने खाऊन मोठी होते. त्याचा एक चुलतभाऊ, ज्याला आम्ही लिंबावरचे फुलपाखरू म्हणतो, दर पावसाळ्यात माझ्या संत्र्याच्या कलमांवर हजर असतो. त्याची लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यातून दोन फाट्यांचे शिंग काढून घाण वास सोडते. चार अळ्या आठवड्याभरात कलम बोडके करतात. तिच्यासाठी दुकानात बाटली तयारच असते. एका भावाला राजमान्यता आणि दुसऱ्यावर फवारा, याची गंमत वाटते; तक्रार म्हणून सांगत नाही. खरे तर पन्नास-साठ कलमांवरच्या अळ्या हाताने वेचायला सकाळचा अर्धा तास पुरतो. पण हे सांगून दुकानदाराला काय मिळणार?

मी वरुड तालुक्यातला शेतकरी. संत्रा, कपाशी आणि तूर ही माझी पिके. हंगामात मोबाइलवर कुठून कुठून सल्ले येतात. किडीचे नाव, औषधाचे नाव, दहा लिटर पाण्याला किती मिली. त्या वावरात त्या किडीला खाणारे कोणी आहे का, हे आजवर एकाही संदेशाने मला विचारलेले नाही. या पत्राचा सगळा मुद्दा एवढाच आहे. शत्रू मोजता तसे मित्रही मोजायला लावा, आणि फवारायचे की नाही हे दुकानाच्या काउंटरवर नव्हे, शेताच्या धुऱ्यावर ठरू द्या.

आपल्या खात्याला हे नवीन नाही, मला ठाऊक आहे. कीड सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प २००९ पासून चालू आहे, आणि शेतीशाळाही आपल्याच. अशाच एका शेतीशाळेत मी पहिल्यांदा कीटक पाहिला असे म्हणेन. त्याआधी पन्नास वर्षे नुसता मारत होतो. वीस झाडे निवडायची, पाने उलटी करायची, तुडतुडे, मावा, पांढरी माशी मोजायची आणि कागदावर मांडायची. तिसऱ्या की चौथ्या झाडावर एक काळी, काटेरी, सुसरीच्या पिल्लासारखी अळी दिसली. आम्ही बाराच्या बारा जण म्हणालो, ही नवी कीड आली. एकाने तर चिमटीत धरून चिरडलीसुद्धा. शाळा घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "काका, ती ढालकिड्याची अळी होती. मावाच खात होती." लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आम्ही लहानपणापासून ओळखतो, त्याचे पोर मात्र कोणी ओळखले नाही.

त्याच दिवशी एक हिशोब कळला. दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर फवारणी थांबवता येते, हे सर्वसाधारण प्रमाण. ढालकिडा, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची अळी, सिरफिड माशीची अळी, कोळी, सगळे मित्रांच्या बाजूला धरायचे (कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय, पण कामाला आपल्याच बाजूचा). त्या वर्षी माझ्या कपाशीवरची पहिली फवारणी टळली. गावात मला आळशी ठरवण्यात आले, ते वेगळे.

जुलै-ऑगस्टची ही पहिली-दुसरी फवारणीच पुढे अंगावर येते. रसशोषक किडींसाठी जहाल औषध मारले की मावा मरतो आणि त्याला खाणारेही मरतात. मावा पंधरा दिवसांत पुन्हा भरतो, खाणाऱ्यांना मात्र वेळ लागतो. मधल्या काळात पांढऱ्या माशीला रान मोकळे. मग दुसरे औषध, मग दोन्ही एकत्र, मग तिसरे टाकून 'कॉकटेल'. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याच्या वर गेलेली पराटी (कपाशी), उकाडा, तोंडाला फार तर गमछा आणि पंपात तीन-चार औषधांचे मिश्रण. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. बीटी वाणात अळी मारणारी दोन-दोन जनुके असूनही ती त्यांना सरावली होती, आणि ती बोंडात शिरली की भोक बुजते. बाहेरून कितीही फवारा, तिला लागत नाही. म्हणजे त्या बायाबापड्यांचा जीव घेणाऱ्या विषापैकी बरेचसे अळीपर्यंत पोहोचणारच नव्हते.

बोंडअळीसाठी कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) लावावा, लागोपाठ तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर पावले उचलावीत, डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) वेचून नष्ट कराव्यात, फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढे ठेवून घेतलेले पीक) घेऊ नये, हे सगळे आपलेच खाते सांगते आणि बरोबर सांगते. अळी बोंडापर्यंत पोहोचण्याआधी तिची अंडीच निकामी करणारी ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीही आपल्याकडे आहे. टाचणीच्या डोक्याहून बारीक असते. प्रयोगशाळेत तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांत ती वाढवतात आणि तशी जवळपास वीस हजार अंडी एका कार्डावर चिकटवतात. कार्डाचे तुकडे पानांच्या खाली स्टेपल करायचे. अडचण एवढीच की कार्ड हे जिवंत पार्सल आहे. दुकानातली बाटली दोन वर्षे फळीवर बसते, कार्ड आठवडाभरही थांबत नाही. एका वर्षी मला कार्डे मिळाली तेव्हा अंड्यांना भोके पडलेली होती. माश्या वाटेतच, कुठल्या तरी टपाली पिशवीत, उडून गेल्या होत्या. रकमेची पावती मात्र व्यवस्थित होती. तालुक्यालाच छोटी प्रयोगशाळा असेल तर हे होणार नाही. बचत गटाच्या बायकांना हे काम शिकवता येते. ज्वारीचा भरडा, ट्रे आणि स्वच्छ खोली लागते, कारखाना लागत नाही.

मित्रकीटकांवर सरकारने भरवसा ठेवल्याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि ते दोन दशकांतच विसरले गेले याचे वाईट वाटते. २००२ साली सांगलीकडच्या उसावर लोकरी मावा आला. पानाखाली कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. दहा फूट उंच, दाट उसात फवारणार कसे? तो आटोक्यात आला त्यात मोठा हात होता डिफा नावाच्या पतंगाच्या अळीचा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या दुसऱ्या कीटकाचा. डिफाची अळी मांसाहारी, मावा खाऊनच जगते. कोणी विद्यापीठातून नेली, कोणी शेजारच्या उसातली अळीवाली पाने कापून आपल्या फडात नेऊन बांधली. आज उसाच्या गप्पांत लोकरी माव्याचे नाव निघते, डिफाचे नाही.

तूर आणि कांद्याबद्दल थोडक्यात सांगतो. तुरीच्या पिवळ्या फुलांवर सकाळी मधमाश्या आणि पाने कातरणाऱ्या माश्या येतात. कांद्याच्या गोंड्यांत बी धरायचे तर मधमाशी लागतेच. बीजोत्पादन करणारे शेतकरी पेट्या भाड्याने आणतात. त्याच वेळी शेजारी सकाळी नऊ वाजता पंप पाठीवर घेतो. 'फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळा, करायचीच तर संध्याकाळी' हे वाक्य प्रत्येक सल्ल्यात आले तरी चालेल, कागद वाढणार नाही. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून मान मिळाला, चांगली गोष्ट झाली. पण आग्या मोहोळ आमच्या निंबावरही बसते आणि त्याला गावात अजून फक्त टेंभा दाखवतात.

आता एक गोष्ट, जी आपल्या एकट्याच्या खात्याची नाही आणि म्हणूनच आपल्याला लिहितो. कीटकाला खाती कळत नाहीत. २०२२ मध्ये गुरांचा लंपी रोग राज्यभर पसरला तेव्हा चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांनी तो गोठ्यागोठ्यांत नेला. पशुसंवर्धन खाते धावले. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक पांढरी माशी पसरवते. ते काम आपल्याकडे. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि कूलरच्या पाण्यात वाढतो. ते आरोग्य खाते. आणि नागपूरचे चांदीपुरा आठवते का? १९६५ साली तिथे सापडलेल्या विषाणूला त्याच वस्तीचे नाव मिळाले. तो वाहून नेणारी सँडफ्लाय डासाहून खूप लहान, आवाज न करणारी. मातीच्या भिंतींच्या फटींत आणि गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात राहते. म्हणजे गोठा आपला, ताप दुसऱ्याचा.

आणि औषध? कपाशीवर मारतात त्यातली काही पायरेथ्रॉइड गटातली, डासांच्या जाळीला लावतात ते त्याच गटातले, रात्री कॉइल जाळतो त्यातलेही तसेच. वावरातले औषध पाण्याबरोबर डबक्यात उतरले की तिथल्या डासांच्या अळ्यांना त्याची सवय लागू शकते. त्याच डबक्यात चतुराची पिल्ले असतात, ती डासांच्या अळ्या खातात. ती सवय होईपर्यंत टिकत नाहीत. गुरांना जंताचे इंजेक्शन दिले तर काही औषधे शेणातून बाहेर पडतात आणि शेणकिड्यांना बाधतात. मग पो आठ-आठ दिवस वावरात तसाच पडून राहतो आणि त्यावर माश्या वाढतात. ही साखळी एका खात्याच्या फाइलमध्ये मावत नाही. जिल्ह्यात कृषी, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिघांचे कीटकांपुरते एक सामाईक वहीखाते ठेवा. कुठे कोणते औषध किती खपले, कुठे कोणत्या डासाने दाद दिली नाही, कुठे मधमाश्या मेल्या, एवढे तीन रकाने असले तरी सुरुवातीला पुरेत.

माझ्या मागण्या कागदावर मोठ्या दिसतात, खर्चाला फार नाहीत. कीड-सल्ल्यात किडीच्या आकड्याशेजारी मित्रकीटकांचा आकडा छापा, आणि 'या आठवड्यात फवारू नका' असे लिहायचे धाडस ठेवा. पाऊस येणार नाही असे हवामान खाते सांगतेच की. ढालकिड्याच्या अळीचे, क्रायसोपाच्या अंड्याचे (केसाच्या टोकाला मोती लावल्यासारखे दिसते) मोठे रंगीत चित्र प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे लावायला सांगा. सध्या तिथे अळीच्या वर लाल फुली मारलेली चित्रे असतात, आणि बऱ्याच जणांच्या मनात ती फुली सगळ्याच अळ्यांवर बसली आहे. आणि शेतीशाळा शेतकऱ्याच्या नावाने भरते तेव्हा पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरालाही त्या दिवसाची मजुरी देऊन बसवा. औषध विकत घेतो मी. अंगावर घेतो तो.

कळावे,
आपला,
एक शेतकरी
ता. वरुड, जि. अमरावती

ता. क. – संत्र्याच्या कलमावरचा एक कोष नातवाने काचेच्या बरणीत ठेवला होता, फुलपाखरू निघेल म्हणून. आठ-दहा दिवस शाळेतून आला की आधी बरणी बघायचा. काल फुलपाखरू निघाले नाही. कोषाला बारीक भोक पडले आणि आतून इवल्याशा गांधीलमाश्या निघाल्या. आम्ही दोघांनी मोजल्या, चौऱ्याऐंशी. नंतर चुकत गेले. बरणी बागेत नेऊन उघडी ठेवली आहे. शेजारच्यांना निरोप दिलाय की पंप दोन दिवस थांबवा. त्यांनी बघू म्हटले आहे.