पुस्तकं देणे आहे

माननीय संपादक,

गेल्या महिन्यात कुंभारजुव्याला मामाचं घर रिकामं करायला गेले होते, मामा जाऊन वर्ष झालं, मुलं एक पुण्याला नी एक कॅनडात, घर विकायचं ठरलंय. तांब्याची भांडी वाटून घेतली, जुन्या मिक्सरलासुद्धा कोणीतरी वाली निघाला, उरली ती पुस्तकं. चार कपाटं.

एका वाचनालयात फोन केला तर म्हणाले जागा नाही, लिस्ट करून पाठवा, मीटिंगमध्ये ठेवू. एका शाळेत विचारलं तर "आता मुलं मराठी वाचत नाहीत मॅडम." शेवटी भंगारवाला आला, काटा आंब्याच्या फांदीला अडकवला नी मला म्हणतो, "बाय, पुठ्ठे फाडून दिलेत तर किलोला दोन रुपये जास्त देतो." मी तिथल्या तिथे त्याला परत पाठवला आणि भाच्याच्या गाडीत बसतील तेवढी पुस्तकं कोंबून फोंड्याला घेऊन आले, आता घरात चालायला वाट नाही नी नवरा बोलत नाही.

एका कादंबरीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलंय, "विवाहानिमित्त सप्रेम भेट, 1971". त्या वेळी लग्नात पुस्तकं द्यायचे, आता दिलं तर पाकीट विसरले म्हणून देताहेत असं वाटेल.

मामा सांगायचा की गोव्यात पोर्तुगीज असताना लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागायची, मग मराठी पुस्तकाचं काय विचारता, मुंबईहून कोणी आलं की ट्रंकेत कपड्यांच्या घडीत एखादं यायचं नी ते दहा घरं फिरायचं. नंतर बुकपोस्ट, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपालाची सोय. मी स्वतः टपाल खात्यात काउंटरवर नोकरी केली, त्यामुळे ती पाकिटं हातातून गेलीयत, एक बाजू उघडी ठेवायची, आत चिठ्ठीबिठ्ठी नाही ना हे बघता यावं म्हणून, आणि खरं सांगते, कामाचा लोड नसला की मी तिरकं करून नाव वाचून घ्यायची. डिसेंबर 2024 मध्ये ती रजिस्टर्ड बुकपोस्टही बंद झाली, मग कोणाला पुस्तक पाठवायचं तर कधीकधी पुस्तकापेक्षा पोस्टेज जास्त व्हायला लागलं. मोबाईलवरून मीही मागवते, खोटं कशाला बोलू, त्यातली तीन अजून प्लास्टिकमध्येच आहेत.

आमच्याकडच्या पावसात बंद कपाटातलं पुस्तक टिकत नाही हो. बुरशी, कसर, वाळवी, काय म्हणाल ते. मामा दसरा झाला की अंगणात चटया टाकून सगळी पुस्तकं उन्हात घालायचा, पापड घालतात तशी, नी आम्हा पोरांना काठी देऊन बसवायचा, कोंबड्या चढू नयेत म्हणून, पण आम्ही वाचतच बसायचो नी कोंबड्या खुशाल फिरायच्या.

भारतातला पहिला छापखाना 1556 ला जुन्या गोव्यात आला हे दर संमेलनात ऐकतो आपण, टाळ्या पण पडतात. त्यानंतर 1616 मध्ये रायतूरला फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं, त्या छपाईची एक प्रत आज शिल्लक नाही, लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या म्हणून ते आपल्याला वाचायला मिळतं. पणजीची सेंट्रल लायब्ररी 1832 पासूनची, पाटोला केवढी मोठी बिल्डिंग, मी जाते तिथे नी मला आवडते, पण प्रत्येकाच्या घरातली चार कपाटं काय ती घेऊ शकणार नाही, आणि घ्यावी असंही मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच की तुमच्या रविवारच्या अंकात भाड्याने खोली, स्थळ पाहिजे, सेकंडहँड स्कूटर सगळं असतं, तिथेच खाली चार ओळींची जागा फुकट द्या, कोणाकडे कुठलं पुस्तक जास्त आहे नी कोणाला कुठलं हवंय. पैशाचा व्यवहार नाही, घेणाऱ्याने स्वतः येऊन न्यायचं. यादी मी बसून करीन, रिटायर माणूस आहे.

सुरुवात माझ्यापासून करा. देणे आहे: दिवाळी अंक 1978 ते 1991, मधली दोन वर्षं नाहीत, थोडी कसर लागलेली, पिशवी आणावी. पाहिजे: महादेवशास्त्री जोशींच्या भारतीय संस्कृतिकोशाचा सातवा खंड. दहापैकी नऊ माझ्याकडे आहेत. मामाच्या वहीत सातव्यापुढे "वाचायला दिला, 12 जून 1989" एवढंच लिहिलंय, कोणाला ते लिहिलेलं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावा, इतकी वर्षं का ठेवला असं विचारणार नाही.

आपली,
एक वाचक, फोंडा