हजार प्रोसेसर म्हणजे हजारपट वेग नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एआय शिकवणाऱ्या अवाढव्य कॉम्प्युटरांवर लेख आलाय तो वाचला. फोटो छान, भाषाही सोपी ठेवलीये, पण मध्येच एक वाक्य आहे की जे काम एका प्रोसेसरला हजार तास लागेल ते हजार प्रोसेसर मिळून तासाभरात उरकतात, आणि तिथे मी अडकले. वाचायला इतकं सरळ वाटतं की कुणाला शंकाच येऊ नये, पण सर्व्हर सांभाळण्यात ज्यांची वर्षं गेलीत त्यांना विचारा, ते हसतील. मी त्यातलीच एक, म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

हे गणित का बसत नाही ते जीन अ‍ॅम्डालने १९६७ मध्येच सांगून ठेवलंय, आणि तो आयबीएमच्या सिस्टिम/३६० या कॉम्प्युटरांचा मुख्य आर्किटेक्ट, म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं मत नव्हे. कुठल्याही कामात थोडा भाग असा असतोच की तो वाटून देता येत नाही, आधीचं झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. समजा १०० तासांच्या कामात असे फक्त ५ तास आहेत, बाकीचे ९५ तास हवे तितक्या जणांत वाटा. २० प्रोसेसर लावले तर ५ अधिक पावणेपाच, म्हणजे पावणेदहा तास, वेग झाला साधारण १० पट. ठीक. आता १००० लावा. ते ९५ तासांचं काम सहा मिनिटांच्या आत होईल, पण आधीचे ५ तास जागचे हलणार नाहीत, म्हणजे वेग साडेएकोणीस पटीच्या आसपास. नीट बघा, पहिल्या २० प्रोसेसरांनी १० पट दिली आणि नंतर आलेल्या ९८० जणांनी मिळून साडेनऊसुद्धा धड दिली नाही, वीज मात्र सगळ्यांनी खाल्ली. पुढे लाख लावा नाहीतर कोटी, २० पटीच्या वर जाणार नाही म्हणजे नाहीच.

लेखकाच्या बाजूनेही एक सांगते, नाहीतर अन्याय होईल. १९८८ मध्ये जॉन गस्टाफसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सँडिया प्रयोगशाळेत १०२४ प्रोसेसरांच्या मशीनवर हजाराच्या वर पट काढून दाखवली होती. त्याचं म्हणणं असं की मोठं मशीन मिळालं की कुणी तेच जुनं काम लवकर करत बसत नाही, लोक कामच मोठं करतात, आणि काम वाढलं की वाटता येणारा भाग वाढतो, न वाटता येणारा फारसा वाढत नाही. हे बरोबर आहे, हवामानाच्या अंदाजाला वगैरे अगदी लागू पडतं. पण लेखातलं वाक्य 'तेच काम लवकर' असं आहे, त्यामुळे गस्टाफसन काही मदतीला येत नाही.

बरं, अ‍ॅम्डालचा हिशेब तरी उदार म्हणायचा, कारण त्यात प्रोसेसर एकमेकांशी बोलतात त्याचा खर्च धरलेला नाही, आणि खरं घोडं पेंड खातं ते तिथेच. बारभाईचा कारभार म्हणतो ना आपण, तसं होतं. प्रोसेसर फार घाईचा आणि मेमरी त्यामानाने संथ, म्हणून प्रत्येकजण लागणाऱ्या गोष्टींची प्रत आपल्या जवळच्या कॅशेमध्ये ठेवतो. एकच प्रोसेसर असेल तर काही बिघडत नाही. दोघे असले की एकाने आपल्या प्रतीत आकडा बदलला, दुसरा जुनाच आकडा धरून पुढे निघाला, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतंय. यावर तोडगा काढणाऱ्यांची नावं कुठल्या पुरवणीत मला आजवर दिसली नाहीत. सेन्सिए आणि फॉत्रिए यांनी १९७८ मध्ये सुचवलं की कुठली प्रत कुणाकडे आहे याची एक वही ठेवा. जेम्स गुडमनने १९८३ मध्ये दुसरी वाट काढली, सगळे एकाच बसवर, म्हणजे सामायिक तारांवर आहेत तर प्रत्येकाने कान लावून बसायचं, दुसऱ्याने लिहिल्याचं ऐकू आलं की आपली प्रत फेकून द्यायची. १९८४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात पापामार्कोस आणि पटेल यांनी चार अवस्थांची पद्धत मांडली, प्रत एकतर बदललेली, किंवा एकट्याकडे असलेली, किंवा वाटलेली, किंवा रद्द. बस्स, चार शब्द. आजच्या मल्टिकोर चिपांत, म्हणजे एकाच चिपवर अनेक प्रोसेसर (कोअर) असतात त्यांत, याच चार अवस्था किंवा त्यांची चुलत भावंडं सापडतील, पण जाहिरातीत छापतात ते गिगाहर्ट्झ.

या चार शब्दांनी मला एकदा चांगलंच रडवलंय. आठ थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी आठ वाटांनी चालणारा, एक प्रोग्रॅम होता, प्रत्येक थ्रेड आपापला काउंटर वाढवणार, कुणी कुणाच्या काउंटरला हात लावत नाही, लॉक नाही काही नाही, आणि तरी आठ कोअरवर तो एका कोअरपेक्षा हळू चालायचा. दोन दिवस मी कंपायलरला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की आठही काउंटर मेमरीत शेजारी शेजारी आहेत, ८ बाइटचा एक असे आठ, म्हणजे ६४ बाइट, आणि कॅशेची एक लाइन, म्हणजे कॅशे एका वेळी उचलते तो तुकडा, नेमकी ६४ बाइटची. म्हणजे आठ जणांना वाटतंय आपण आपल्या वहीत लिहितोय पण पान सगळ्यांचं एकच, एकाने लिहिलं की बाकी सात जणांचं पान रद्द, मग दुसरा ओढून घेणार, मग तिसरा. काउंटरांच्या मध्ये रिकामी जागा सोडली आणि प्रोग्रॅम पळायला लागला. एक ओळ बदलली. त्यामुळे 'प्रोसेसर वाढवले की वेग वाढला' असं कुणी म्हणालं की माझ्या कपाळावर आठी येते, काय करणार.

हे झालं एका डब्याच्या आतलं. क्लस्टर म्हणजे असे शेकडो-हजारो डबे, प्रत्येकाची मेमरी वेगळी, आणि मध्ये वायर. वायर म्हटलं की लोकांना ती गौण वाटते. ग्रेस हॉपर आपल्या भाषणात साधारण ३० सेंटिमीटरचे वायरचे तुकडे वाटायच्या, म्हणायच्या हा घ्या एक नॅनोसेकंद, प्रकाश एवढ्या वेळात एवढाच जातो. काचेच्या फायबरमध्ये त्याहून कमी, २० सेंटिमीटर. म्हणजे सर्व्हर रूमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ५० मीटर केबल धरली तर नुसतं पोचायला २५० नॅनोसेकंद, आणि ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ७५० ठोके पडून गेलेले असतात, मधल्या स्विचचा, म्हणजे निरोप योग्य वायरीकडे वळवणाऱ्या डब्याचा, वेळ यात धरलेलाच नाही. त्यातून निरोप पोचला तरी ऑपरेटिंग सिस्टिम तो एकीकडून उचलून दुसरीकडे कॉपी करत बसते, पुन्हा प्रोसेसरचा वेळ गेला. म्हणून तर आरडीएमए आलं, म्हणजे नेटवर्क कार्डनेच समोरच्या मशीनच्या मेमरीत थेट लिहायचं, तिथल्या प्रोसेसरला उठवायचंसुद्धा नाही. क्लस्टर जोडायचं इन्फिनीबँड हे नेटवर्क याच कल्पनेवर उभं आहे, त्याचा पहिला स्टँडर्ड २००० चा.

आणि या वायरी जोडायच्या कशा, हा माझा सगळ्यात आवडता भाग. प्रत्येकापासून प्रत्येकाकडे वायर टाकायची म्हटलं तर हजार मशीनला जवळजवळ पाच लाख वायरी होतात. याचं उत्तर कॉम्प्युटरवाल्यांनी नाही, टेलिफोनवाल्यांनी शोधलं. बेल लॅबमधल्या चार्ल्स क्लॉसने १९५३ मध्ये दाखवलं की छोटे छोटे स्विच तीन थरांत विशिष्ट प्रमाणात मांडले तर एका महाप्रचंड स्विचचं काम होतं, कुणाचा कॉल अडत नाही आणि जोड पुष्कळ कमी लागतात. १९८५ मध्ये चार्ल्स लायझरसनने फॅट ट्री मांडलं, झाडासारखं नेटवर्क, पण मुळाकडे जाल तसं खोड जाड, म्हणजे वर गर्दी होऊ नये. आज डेटा सेंटरमध्ये रॅकच्या वरचे स्विच आणि त्यांच्या वरचे स्विच अशी जी रचना दिसते ती याच दोघांची लेकरं. फिरत्या डायलच्या फोनसाठी केलेलं गणित एआयला कामी येतंय, ही बातमी नाही का?

इथरनेटचं, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर केबलने जोडायच्या नेहमीच्या पद्धतीचं, तसं बरं आहे, मेटकाफ आणि बॉग्ज यांची नावं निदान कुठेतरी येतात, १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत सेकंदाला २.९४ मेगाबिटवर सुरू झालेली ती गोष्ट, पेटंट १९७७ चं, त्यावर थॅकर आणि लॅम्पसन यांचीही नावं आहेत. पण रेडिया पर्लमन किती जणांना माहितीये? नेटवर्कमध्ये चुकून गोल तयार झाला, म्हणजे केबलची दोन्ही टोकं फिरून एकाच ठिकाणी आली, तर ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना उद्देशून धाडलेला, एक निरोप फिरत फिरत वाढत जातो आणि सगळं ठप्प होतं. पर्लमनने १९८५ मध्ये डेक कंपनीत असताना स्पॅनिंग ट्रीची युक्ती काढली, स्विच आपापसात बोलून ठरवतात की कुठले रस्ते बंद ठेवायचे, आणि चालू रस्ता तुटला की बंद रस्ता उघडतात. कुणी साहेब नेमायचा नाही, ते आपल्यातूनच एकाला मुळाशी बसवतात. जुन्या पद्धतीत पोर्ट, म्हणजे स्विचवरची केबल लावायची जागा, चालू व्हायला ३० सेकंद लागतात म्हणून वैतागून स्पॅनिंग ट्रीच बंद करून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत, आणि नंतर गोल झाल्यावर एकेक केबल उपटत धावणारेही तेच.

आता मशीन मरण्याबद्दल, कारण लेखात त्याचा उल्लेखच नाही. मशीनं जितकी जास्त तितकं रोज कुणीतरी मरणार, हे साधं आहे. टँडेम कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या नॉनस्टॉप मशीनमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या प्रोग्रॅमची जोडी असायची, एक काम करणार, दुसरा दुसऱ्या प्रोसेसरवर बसून त्याच्याकडून ठरावीक वेळी स्थिती कळवून घेणार, पहिला पडला की हा उठणार. ऐकायला सोपं आहे, पण पहिला पडला हे दुसऱ्याला कळणार कसं? नुसता आवाज येईनासा झाला म्हणजे पडलाच असं थोडीच आहे.

मी जिथे नाईटला होते तिथे दोन सर्व्हरचा क्लस्टर होता, डिस्क दोघांत सामायिक, आणि एकमेकांची नाडी बघायला मध्ये एकच छोटा स्विच. एका रात्री तो स्विच लटकला. सर्व्हर दोन्ही धडधाकट, पण दोघांनाही वाटलं की दुसरा गेला, आणि दोघांनीही इमानेइतबारे कारभार हातात घेतला, एकाच डिस्कवर दोघे लिहायला लागले. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. सकाळी फाइली उघडेनात तेव्हा कळलं, मग दिवसभर बॅकअप चढवणं आणि वरून फोन. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात आणि याचं औषध तेव्हासुद्धा नवं नव्हतं. डेकच्या १९८० च्या दशकातल्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये मतं मोजायची सोय होती, निम्म्याहून जास्त मतं हातात नसतील तर गप्प बसायचं. दुसरं औषध आणखी रोखठोक, ज्याच्याबद्दल शंका आहे त्याची आधी वीज तोडायची आणि मगच त्याची डिस्क घ्यायची. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, का तर दोनच सर्व्हर आहेत, मत कसलं मोजायचं. अहो, दोनच आहेत म्हणून तर तिसरं मत लागतं! लेस्ली लॅम्पोर्टने आयुष्यातली कितीतरी वर्षं याच प्रश्नांवर घातली, निरोप हरवतात, घड्याळं जुळत नाहीत, कोण जिवंत आहे माहीत नाही, अशात सगळ्यांचं एकमत कसं करायचं, आणि त्यासाठी त्याला कॉम्प्युटर क्षेत्रातलं मानाचं, २०१३ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

साध्या मशीनचे क्लस्टर कसे वाढले तेही थोडक्यात सांगते. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ नावाच्या वर्गातले १६ बाजारू प्रोसेसर साध्या इथरनेटने जोडून बेवुल्फ नावाचा क्लस्टर उभा केला, तेव्हा हे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या असं वाटणारे कमी नसतील. २००३ मध्ये गूगलच्या इंजिनियरांनी लिहून सांगितलं की आमचं सर्च १५,००० हून जास्त साध्या पीसींवर चालतं आणि बिघाड सॉफ्टवेअर झेलतं.

तुमच्या लेखात एआयचा विषय आहे म्हणून त्यातलंच उदाहरण घ्या. फेसबुकवाल्या मेटाने आपल्या लामा ३ या एआयचं सगळ्यात मोठं मॉडेल १६,३८४ जीपीयूंवर, म्हणजे एआयला लागणाऱ्या खास प्रोसेसरांवर, शिकवलं, आणि त्यातल्या ५४ दिवसांचा हिशेब २०२४ मध्ये स्वतःच छापला. ५४ दिवसांत ४१९ वेळा काम अनपेक्षितपणे थांबलं. भागाकार करून बघा, दर तीन तासांनी एकदा. कारण सगळे जीपीयू पावलाला पाऊल लावून चालतात, एक कोसळला की बाकी १६ हजार जण तसेच उभे, शेवटच्या जतन केलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात. आणि इतकं होऊनही ९० टक्क्यांहून जास्त वेळ खऱ्या कामात गेला असं ते सांगतात. मला विचाराल तर मथळा याचा व्हायला हवा होता, १६ हजार हा आकडा पैसेवाल्या कुणालाही विकत घेता येतो, पण दिवसाला सात-आठ वेळा पडून ९० टक्के काम काढणं यामागे वर सांगितलेल्या सगळ्या माणसांची डोकी आहेत.

तुमच्या लेखकाला दोष द्यायचा नाहीये, कंपन्यांची प्रसिद्धिपत्रकं अशीच येतात, किती चिप, किती मेगावॉट, आणि मधल्या वायरीबद्दल एक ओळ. पुढच्या वेळी एवढं विचारा की यातला न वाटता येणारा भाग किती आणि एखादं मशीन मेल्यावर तुम्ही काय करता. उत्तर देताना अडखळले तर तेही छापा.

आणि दुरुस्ती छापणार असाल आणि जागा कमी असेल तर हे बाकी सगळं पत्र खुशाल गाळा, फक्त ते २० आणि ९८० चं गणित तेवढं चौकटीत टाका.

आपली,
एक जुनी वाचक