उशिराच्या कबुलीला सूट किती?

महोदय,

खटला रखडला, साक्षीदार हजर राहू लागले की अनेक आरोपी वकिलाच्या मागे लागतात : 'गुन्हा कबूल करून टाकू, शिक्षा कमी होईल.' ही समजूत महागात पडते. अशा उशिराच्या कबुलीला आपल्या कायद्यात ठरलेली सूट नाही. 'उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध चंद्रिका' (1999) या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की केवळ कबुली दिली म्हणून शिक्षा घटवता येत नाही.

ठरलेली सवलत आहे ती प्ली बार्गेनिंगमध्ये, म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल करून फिर्यादी पक्षाशी न्यायालयामार्फत केलेल्या तडजोडीत. साध्या चोरीला कमाल 3 वर्षे कैद आहे. तडजोड झाल्यास न्यायालय 9 महिने देऊ शकते, पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल तर 6. पण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले चालवण्याच्या कायद्याच्या) कलम 290 नुसार दोषारोप ठेवल्यापासून 30 दिवसांत अर्ज हवा. जुन्या संहितेत ही मुदत नव्हती. कच्च्या कैद्याला ती कोण सांगतो? वकील बदलेपर्यंत महिना उलटलेला असतो.

अपिलाचेही तसेच. प्ली बार्गेनिंगच्या निकालावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलासाठी विशेष परवानगीचा अर्ज, एवढेच. साध्या कबुलीनंतर दंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवर अपील होते, पण याच संहितेच्या कलम 416 प्रमाणे फक्त शिक्षेचे प्रमाण आणि वैधता यांवर. तरीही 'साक्षीदार खोटे आहेत' अशी पानेच्या पाने अपिलात येतात आणि ती वाया जातात. त्याऐवजी वय, पूर्वी शिक्षा नसणे, फिर्यादीला दिलेली भरपाई लिहावी. कलम 468 खाली कच्च्या कैदेतले दिवस वजा झाले का, हे निकालपत्रात बोट ठेवून तपासावे.

मुदत सत्र न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 60. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस वगळले जातात. तुरुंगात असलेल्याला तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील करता येते. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा 3 वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करायचे आहे असे सांगून शिक्षा देणाऱ्या न्यायालयाकडेच लगेच जामीन मागावा.

इंग्लंडमध्ये पहिल्याच टप्प्यावर कबुली दिल्यास एक तृतीयांश, त्यानंतर एक चतुर्थांश आणि खटल्याच्या पहिल्या दिवशी एक दशांश अशी उतरती सूट ठरलेली आहे. आपल्याकडेही अशी पट्टी कायद्यात यायला हवी. तोवर निदान दोषारोप वाचून दाखवतानाच न्यायालयाने 30व्या दिवसाची तारीख आरोपीला सांगून ती रोजनाम्यात नोंदवावी, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने त्याच आठवड्यात त्याची तुरुंगात भेट घ्यावी.

– एक फौजदारी वकील, सातारा