‘हलके काम’ म्हणजे नेमके कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आजारपणानंतर कामावर परतणाऱ्याच्या हातात बहुधा डॉक्टरांची चिठ्ठी असते : ‘हलके काम द्यावे.’ व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञ म्हणून अशा चिठ्ठ्या मी नेहमी पाहते. त्यावरून ना मालकाला काही उमगते, ना कामगाराला.

अमेरिकेच्या कामगार खात्याने तयार केलेल्या व्यवसायकोशात कामांच्या पाच पायऱ्या आहेत : बैठे, हलके, मध्यम, जड आणि अतिजड. अधूनमधून साधारण साडेचार किलोपर्यंत उचलावे लागत असेल तर काम बैठे, ९ किलोपर्यंत हलके, २३ पर्यंत मध्यम, ४५ पर्यंत जड. ‘अधूनमधून’ म्हणजे किती, हेही ठरलेले आहे : कामाच्या वेळेच्या एक तृतीयांशापर्यंत. पण याच कोशानुसार, उचलायचे वजन नगण्य असले तरी बराच वेळ उभे राहावे किंवा चालावे लागत असेल, तर ते काम हलक्यात धरतात. म्हणजे गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ‘हलके’ काम म्हणून दिवसभर उभे राहण्याचे काम मिळू शकते. चिठ्ठी तंतोतंत पाळली जाते आणि संध्याकाळी गुडघा सुजतो!

नुसता वजनाचा आकडाही पुरत नाही. कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य यांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील ‘निऑश’ संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात सगळे अनुकूल असताना उचलण्याची मर्यादा २३ किलो आहे. तेच ओझे शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर लांब धरावे लागले, तर मर्यादा निम्म्यावर येते. वाकून, वळून किंवा पुन्हा पुन्हा उचलायचे असेल तर आणखी खाली.

मनावरच्या भाराचा तर चिठ्ठीत उल्लेखच नसतो. डोक्याला मार लागून सावरलेल्या माणसाला खुर्चीतले काम मिळाले, की सगळे निश्चिंत होतात. त्या खुर्चीत बसून त्याला एकाच वेळी चार गोष्टी ध्यानात ठेवायच्या असतात, दर दोन मिनिटांनी हातातले काम सोडायचे असते, चिडलेल्या माणसांशी शांतपणे बोलायचे असते. हा भार मोजता येत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. ‘नासा’त विकसित झालेली, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत कामाचा भार सहा अंगांनी विचारते; मानसिक ताण, वेळेची घाई, वैताग हे सारे त्यात येते. त्याआधी १९७९ मध्ये कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी मांडले होते, की कामाचा रेटा मोठा आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, तिथे ताण सर्वाधिक. माझ्या मते कामाच्या कोणत्याही वर्णनात ही मुभा पहिल्यांदा विचारायला हवी. ती जवळजवळ कोणीच विचारत नाही.

कामाच्या भाराच्या अशा नोंदी ठेवल्या, तर त्यांचा वापर माणसांना काम नाकारण्यासाठी होईल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच नोंद कामाची व्हावी, माणसाची नव्हे. आणि ती करताना ते काम रोज करणारा माणूस समोर बसलेला असावा, कारण साहेबांच्या टेबलावरून वाकणे-वळणे दिसत नाही. डॉक्टरांना विनंती, की ‘हलके’ हा शब्द सोडून सलग किती वेळ उभे राहता येईल, किती किलो, कोणत्या उंचीवरून उचलता येईल आणि किती वेळाने डोक्याला विश्रांती हवी, एवढे लिहावे. चिठ्ठीत चार ओळी वाढतील.

आपली,
एक व्यवसायोपचार तज्ज्ञ