वीस सेकंदांचे २४० फोटो : अ‍ॅनिमेशनवाल्या ताईंना पत्र

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पालकसभेत शाल-श्रीफळ देताना तुम्हीच भाषणं आवरती घ्यायला लावलीत. आमच्या मुलांकडून हात धुण्याची फिल्म करून घेतलीत, त्याबद्दल तेव्हा बोलायचं राहिलेलं इथे सगळ्यांसमोर लिहिते.

हात धुण्याचे तक्ते आमच्या भिंतींवर होतेच. मोबाइलवर कार्टूनही दाखवून झालं होतं. हिरवागार जंतू, तोंडात सुळे, हातात तलवार, फेस दिसला की धूम पळणारा. मुलांना नेमका तोच आवडला. मधल्या सुट्टीत जंतू व्हायला भांडणं लागायची, साबण व्हायला कुणी तयार नसायचं. एकाने तर ठणकावलंच, “बाई, असलं काही आपल्या वाडीत नसतं.” खरंच होतं त्याचं.

तुम्ही लॅपटॉप उघडलाच नाहीत. फळा, खडू, ओलं फडकं आणि बाकावर बाक चढवून बांधलेला मोबाइल. चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, जरासं पुसून पुढे सरकवायचं, पुन्हा फोटो. फिल्मच्या एका सेकंदाला १२ फोटो. बाहेर ढग आला की फळ्यावरचा उजेड बदलतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकतं, म्हणून खिडक्या लावून घेतल्यात. त्या उकाड्यात कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्या गणिताच्या तासाला असं होत नाही, हे आपलं जाता जाता.

हात निदान २० सेकंद चोळायचे, हे दर १५ ऑक्टोबरला हात धुवा दिनी आम्ही सांगतच होतो. तुमच्यामुळे पोरांनी गुणाकार केला : २४० फोटो! “ताई, दहाच सेकंद दाखवू ना.” तुम्ही बधला नाहीत. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, सगळं काढायला लावलंत. आता नळावर एखादा घाई करायला लागला की बाकीचे ओरडतात, “अरे, अंगठा राहिला!”

आणि त्या खिचडीच्या ताटल्या! घंटा झाली तशी पोरं खडूच्या हातांनीच धावली. स्टीलच्या काठांवर पांढरे ठसे, एकीच्या तर ओठांवरही. न रागावता तुम्ही ताटल्यांचे फोटो घेतलेत आणि फिल्मचा शेवट तोच केलात. हातावरचं तोंडात कसं जातं ते त्या ठशांनीच दाखवलं; सुळेवाल्या जंतूची गरजच उरली नाही.

युनिसेफसाठी अ‍ॅनिमेटर राम मोहन यांनी घडवलेल्या मीना या कार्टूनमधल्या मुलीचा एक भागही तुम्ही दाखवलात. तिचा मिठू पोपट सगळ्यांचा लाडका झाला. ती मीना भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ अशा सगळ्या देशांतल्या मुलींना आपली वाटावी म्हणून बेतलेली. तुम्ही आमच्या एका वाडीपुरतं काम केलंत, तेही तितक्याच मन लावून. ‘आवाज शुद्ध भाषेत हवेत’ असं एक पाहुणे म्हणाले, तेव्हा “मुलं बोलतात तसंच राहील,” एवढंच म्हणालात. पोरांची मान केवढी ताठ झाली!

उन्हाळ्यात टाकी कोरडी पडल्यावर फिल्म दाखवून काय उपयोग, हेही तुम्हीच सरपंचांसमोर बोललात. टाकीचं काम आता यादीत आलंय. आम्ही बोलून थकलो होतो, म्हणून त्याबद्दल वेगळे आभार.

मुलांनी पुढचा विषय ठरवलाय : अनवाणी पायातून अंगात शिरणारा आकडेकृमी नावाचा जंत. १० फेब्रुवारीला शाळेत जंतनाशक गोळी देतात, त्याआधी फिल्म व्हायला हवी. दिवाळीची सुट्टी संपली की या. येताना रंगीत खडू तेवढे आणा, इथल्या दुकानात पांढरेच मिळतात.

तुमच्या,
शाळेतल्या बाई